तळटीपेतलं व्हिनेगर

माझं पुस्तक कुणी वाचेल, अशी भीती मला कधीच नव्हती.

विद्यापीठातल्या माणसाचं पुस्तक तीन जण वाचतात. तो स्वतः, मुद्रितं तपासणारा, आणि त्याच्या विषयातला वैरी. त्यातला वैरीसुद्धा फक्त शेवटची संदर्भसूची चाळतो, आपलं नाव आहे की नाही ते बघायला. माझं पहिलं पुस्तक पॅरिसच्या एका प्रकाशकानं काढलं होतं. किंमत अशी जबरदस्त की आमच्या अख्ख्या स्फाक्स शहरात त्याची एकच प्रत होती. तीसुद्धा ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात, कुलूपबंद. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ पुढे निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. पण त्या पुस्तकानं मला काय मान दिला म्हणता! लग्नकार्यात लोक नावाआधी अदबीचं 'सी' लावून माझी ओळख करून द्यायचे, "हे सी लमजद शाबूनी, यांचं पुस्तक पॅरिसला छापलंय." आत काय आहे, हे कुणीही विचारत नसे. सुखाचे दिवस होते ते.

दुसरं पुस्तक मी शरमूल्यावर लिहिलं. ईदेच्या सकाळी आम्ही खारवलेल्या माशाबरोबर कांदा-मनुकांचा जो शरमूला खातो, त्याचा इतिहास. कांदा ऑलिव्हच्या तेलात मरेस्तोवर शिजवायचा, त्यात वाटलेल्या काळ्या मनुका, दालचिनी, लवंग, वाळलेल्या गुलाबकळ्या. बाहेरगावचा माणूस विचारतो, "माशाबरोबर मनुका?" आम्ही त्या माणसाशी पुढे फारसं बोलत नाही. आता शरमूला प्रत्येक घरात होतो आणि प्रत्येक घरात तो वेगळा होतो, आणि आपल्या घरचा तोच खरा असं प्रत्येक घराला वाटतं. अशा विषयाला हात घालताना शहाण्या माणसानं विचार करायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे काचेचं कपाट होतं.

या खेपेला पॅरिसच्या प्रकाशकानं उत्तरच दिलं नाही. तो अपमान मी गिळला. मग आमच्या विभागप्रमुखांनी सुचवलं, "वरच्या मजल्यावर आपल्याच विद्यापीठाचं प्रकाशन आहे की. मादाम राधियांना भेटा."

विद्यापीठाचं प्रकाशन म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि एक कॉफीचं यंत्र. यंत्र बिघडलेलं आणि माणसं मात्र कमालीची सुरळीत चालणारी. मादाम राधिया अल्लूश या त्यांच्या प्रमुख. चष्मा कपाळावर, आवाज हळू, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प राहायची एक भयंकर सवय. आपलं वाक्य कुठे फसलंय ते आपल्यालाच ऐकू येतं.

"किंमत काय ठेवायची?" मी विचारलं. पॅरिसची सवय.

"काहीच नाही."

"म्हणजे लेखकाला काही सवलत?"

"म्हणजे कुणालाच काही नाही, सी लमजद. वाचणाऱ्यानं द्यायचं नाही, लिहिणाऱ्यानंही द्यायचं नाही. पुस्तक इंटरनेटवर, सगळ्यांना, कायमचं उघडं. तुमचं नाव ठेवून कुणीही प्रत काढावी, वाटावी, भाषांतर करावं. कागदावर हवं असेल त्यानं छपाईपुरते पैसे भरावेत."

"आणि तुमचा पगार?"

"विद्यापीठ देतं. शिवाय देशोदेशीची ग्रंथालयं मिळून थोडी थोडी वर्गणी देतात. एरवी हीच ग्रंथालयं महागडी पुस्तकं विकत घेऊन कुलपात ठेवायची."

मला उगाचच वाटलं की त्यांना काचेच्या कपाटाबद्दल माहिती आहे.

स्फाक्समध्ये फुकट हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. आम्ही व्यापारी लोक. राजधानीतले लोक आमच्या चिकटपणाचे विनोद सांगतात, आणि आम्ही ते ऐकून घेतो, कारण ऐकायला पैसे पडत नाहीत. माझे शेजारी हाज्ज तिजानी बदामाचे घाऊक व्यापारी. त्यांना फाटकापाशी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"लमजद, बाळा," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला चव बघायला आम्ही एक बदाम देतो. पोतं नाही देत."

"हाज्ज, ज्ञान म्हणजे बदाम नव्हे."

"ते खरंच. बदाम विकला जातो."

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या सी अनीसनी तर आवाज खाली आणून विचारलं, "विद्यापीठात तुमचं काही बिनसलंय का? सांगा, माझा मेव्हणा वकील आहे." माझी बायको फातेन तेवढी शांत होती. ती म्हणाली, "निदान मुखपृष्ठ तरी चांगलं करा. पहिल्या पुस्तकाचं अगदी वीजबिलासारखं होतं."

मला वाटलं होतं, फुकटच द्यायचं तर पटकन देऊन टाकतील. तो गैरसमज मादाम राधियांनी दूर केला. पुस्तक दोन परीक्षकांकडे गेलं. त्यांना माझं नाव माहीत नाही, मला त्यांची माहीत नाहीत. पहिल्या परीक्षकानं लिहिलं, "उत्तम ग्रंथ." हा माणूस विद्वान होता यात शंकाच नाही. दुसऱ्यानं पानंच्या पानं लिहून पाठवली. माझ्या प्रस्तावनेला त्यानं 'लांबलेला ढेकर' म्हटलं होतं. मी तिथल्या तिथे ओळखलं की हे आमच्याच विभागातल्या सी मुख्तारचं काम. दुसऱ्या दिवसापासून मी त्याचा सलाम घेणं बंद केलं, त्याच्या जिन्यानं जाणं बंद केलं. आठवडाभरानं त्यानं फातेनला फोन करून विचारलं, लमजदची तब्येत ठीक आहे ना, माझ्या आईनं बदामाचं सरबत केलंय, पाठवू का? सरबत मी प्यायलो. संशय तसाच ठेवला.

"परीक्षक मुख्तारच ना?" मी मादाम राधियांना विचारलं.

"नाव मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो बिचारा विचारतही नाही."

दुसऱ्या परीक्षकाचा सगळ्यात जास्त राग एका तळटीपेवर होता. मी लिहिलं होतं की शरमूल्यात व्हिनेगर घालायची पद्धत मूळची स्फाक्सची नव्हे, ती किनाऱ्यावरच्या महदिया गावाहून लग्न होऊन आलेल्या मुलींनी आणली. आजही ती काही घराण्यांत दिसते, उदाहरणार्थ कम्मून. परीक्षकानं शेरा मारला होता, "आधार दोन मुलाखतींचा. दोघी बायका एकाच गल्लीतल्या, आणि एकमेकींच्या जावा. पुरावा द्यावा किंवा टीप काढावी." मी बाणेदारपणे उत्तर लिहिलं, "या क्षेत्रातल्या लेखकाच्या दीर्घ अनुभवावर हे मत आधारलेले आहे."

मादाम राधियांनी ते वाचलं. "अनुभव कसला? खाण्याचा?"

"खाण्याचाच," मी म्हणालो. माझा स्वाभिमान जागा झाला होता.

"मग 'आणली' नको, 'आणली असावी' लिहा. मत तुमचं आहे, माझं काम ते नीट दिसेल असं बघणं. पण सी लमजद, पुन्हा एकदा विचार करा. लोक वाचतील."

मी मनात हसलो.

मुखपृष्ठासाठी माझा मेव्हणा शुक्री यानं आधीच एक सुंदर फोटो काढला होता. मोठं पातेलं, उकळता शरमूला, आणि लाकडी पळी धरलेले सुरकुतलेले दोन हात. मादाम राधियांनी शुक्रीची लेखी परवानगी मागितली, ते समजण्यासारखं होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि हातांची?"

"हातांची परवानगी?"

"हात कुणाचे तरी असतात."

होते तर. माझ्या सासूबाईंचे. बय्या त्यांचं नाव; सगळे अदबीनं 'लल्ला बय्या' म्हणतात. माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव कम्मून, कारण लग्न चुलतभावाशी झालेलं. निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी फ्रेंच व्याकरण शिकवलं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या भीतीनं आपणहून शिकलं. मी परवानगीचा मसुदा नेला. त्यांनी लाल पेनानं माझ्या दोन चुका सुधारल्या आणि मग सही केली. "शेवटी कुणीतरी आमच्या शरमूल्याची दखल घेतली," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला जेवणात माशाचा पोटाकडचा तुकडा मिळाला.

रमजानच्या मध्यावर पुस्तक प्रसिद्ध झालं. मादाम राधियांनी बोलावून पडद्यावर दाखवलं. खरं सांगतो, ऊर भरून आला. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. पुस्तकाला एक कायमचा क्रमांक. उद्या हे संकेतस्थळ दुसरीकडे हललं तरी तो क्रमांक टाकला की पुस्तक सापडणार. प्रती तीन वेगवेगळ्या देशांत जपून ठेवलेल्या. अंधांच्या यंत्राला मोठ्यानं वाचता यावं म्हणून त्यांच्या वहीदा नावाच्या संपादिकेनं एकेका चित्राचं वर्णन शब्दांत लिहिलं होतं. पॅरिसवाल्यानं पहिल्या पुस्तकात माझं आडनावही चुकवलं होतं.

घरी येऊन मी निवांत झोपलो. दोन-चार दिवस काही झालं नाही. मग मासळीबाजारात एक कोळी मला बघून ओरडला, "सी लमजद! व्हिनेगर बाहेरचं काय? शाबास!" आणि शेजारचा कोळी सुरी खाली ठेवून म्हणाला, "शाबास कसली? तुझ्या आईला विचार काय घालते ते!"

झालं असं की कुणीतरी पुस्तक आपल्या कुटुंबाच्या फोनगटात टाकलं. तिथून ते भावजयांकडे गेलं, भावजयांकडून त्यांच्या माहेरी, आणि स्फाक्समधल्या भावजया एकमेकींना जोडल्या तर अख्खं शहर जोडलं जातं. ईद आठ-दहा दिवसांवर, घरोघरी कांदे चिरायला घेतलेले, आणि फुकट! हाज्ज तिजानी फाटकाशी वाट बघत उभे होते.

"संपूर्ण वाचलं," ते म्हणाले. "पैसे पडले असते तर पहिली दहा पानं वाचून ठेवून दिलं असतं. फुकट म्हटल्यावर शेवटची टीपसुद्धा सोडली नाही."

शहरात व्हिनेगरवाले आणि बिनव्हिनेगरवाले असे दोन पक्ष पडले. सी अनीसच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं तासभर भांडून औषध न घेताच गेली. मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक झालेल्या एका गृहस्थानं मला कळवलं की तुमच्यामुळे माझी बायको माझ्याशी बोलत नाही. पण दुसऱ्याही गोष्टी येत होत्या. वाळवंटापलीकडच्या नुआकशोतहून एका विद्यार्थिनीनं लिहिलं, "आमच्या ग्रंथालयात पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत. मासे खारवण्यावर एक पूर्ण पुस्तक मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं." गाफ्साच्या एका दृष्टिहीन शिक्षकांनी फोन केला. त्यांना मुखपृष्ठावरचे हात आवडले होते. वहीदानं लिहिलेल्या वर्णनावरून. पॅरिसच्या पुस्तकानं मला मान दिला होता, पण फोन कधी आला नव्हता.

दुसरा फोन सासूबाईंचा.

"जावईबुवा," लल्ला बय्या अतिशय शांतपणे म्हणाल्या, "माझे हात मुखपृष्ठावर आणि माझं घराणं तळटीपेत?"

"लल्ला, 'असावी' असं लिहिलंय. शास्त्रीय भाषेत त्याचा अर्थ..."

"मला क्रियापदांचे अर्थ सांगतोस? चारशे वर्षं आम्ही या गावच्या जुन्या तटबंदीच्या आत राहतोय. आणि आम्ही बाहेरचे?"

ईदेच्या सकाळी सगळ्यांच्या पानात मासा आणि शरमूला होता. माझ्या पानात नुसता मासा. खारवलेला मासा नुसता खाणं म्हणजे काय, हे ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल. मी फातेनकडे पाहिलं. फातेन खिडकीकडे पाहत होती.

"शरमूला?" मी हळूच विचारलं.

"तुझ्या घराण्यात काय घालतात ते अजून सिद्ध व्हायचंय," सासूबाई म्हणाल्या. "झालं की वाढते."

सुट्टी संपताच मी वरच्या मजल्यावर धावलो. "मादाम, तेवढी टीप काढून टाका. इंटरनेटवरच आहे, कुणाला कळणार?"

मादाम राधियांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"लोकांनी तुमच्या टीपेचा आधार घेऊन लिहायला सुरुवात केलीय. कुणी तुमच्या बाजूनं, कुणी विरुद्ध. त्यांनी जे वाचलं ते उद्या तिथे सापडलं नाही, तर खोटे ते ठरतील. चुपचाप काही काढायचं नाही, हा आमचा एकच हट्ट आहे. चूक असेल तर उघडपणे सुधारू. तारीख घालून, जुनं तसंच ठेवून."

"पण माझ्या घरात..."

"तुमच्या सासूबाईंना उत्तर लिहू द्या. आम्ही छापू. तुमच्या पुस्तकाला जोडून, तितक्याच दिमाखात. म्हणजे परीक्षकांकडून पास झालं तर."

मला वाटलं, हे ऐकून सासूबाई आणखी भडकतील. पण त्यांनी तसबिरीमागे ठेवलेलं लाल पेन काढलं आणि म्हणाल्या, "किती शब्द?"

पुढचे कित्येक महिने लल्ला बय्या घरोघर फिरल्या. म्हाताऱ्या मावश्या, कोळ्यांच्या विधवा, बंदराकडची जुनी घरं. त्यांच्या विद्यार्थिनी शहरात कुठे नव्हत्या? दार उघडताच बायका आपोआप ताठ उभ्या राहायच्या. एकदाचा लेख झाला, परीक्षकांकडे गेला, परत आला. मला तातडीचं बोलावणं.

"हे बघ काय लिहिलंय!" त्यांनी कागद माझ्यापुढे आपटला. "'लेखिकेचा स्वर संतप्त आहे.' 'लेखिकेनं एकाच बाजूच्या घरांत विचारपूस केलेली दिसते.' मला! कोण आहे हा माणूस?"

"सांगत नाहीत, लल्ला. मला तर मुख्तारचा..."

आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं त्यावर माझाच विश्वास बसेना. "पण एका बाजूच्या घरांचं म्हणतोय ते बरोबर आहे. मीही तेच केलं होतं."

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "गाडी काढ."

आम्ही दोघं महदियाला गेलो. एकदा नव्हे, अनेकदा. मी गाडी चालवायचो आणि तळटीपा लिहायचो, त्या विचारायच्या. वाटेत माझ्या व्याकरणाची तपासणी व्हायची. अशाच एका खेपेला, किनाऱ्याजवळच्या एका घरात, फार म्हातारी झालेली एक बाई लल्ला बय्यांच्या हनुवटीकडे बघून म्हणाली, "तू मन्नानाच्या वंशातली. आमची मन्नाना स्फाक्सला दिली होती, कम्मूनांकडे. जाताना ढसाढसा रडली म्हणे. आणि पुढे माहेरपणाला आली तेव्हा तक्रार करायची की सासू सगळ्यात व्हिनेगर ओतते, मला गिळवत नाही."

मन्नाना म्हणजे लल्ला बय्यांची पणजी.

परतताना गाडीत व्याकरण झालं नाही. ऑलिव्हच्या बागा दोन्ही बाजूंनी मागे जात होत्या. माझ्या लक्षात आलं की आमचा दोघांचा एकदम पराभव झाला होता. व्हिनेगर स्फाक्सचंच, म्हणजे मी खोटा. आणि घराण्यात महदियाची सून होती, म्हणजे चारशे वर्षांच्या तटबंदीला भलंमोठं दार होतं.

"व्हिनेगरचं तेवढं लिहू," मी म्हणालो. "मन्नानाचं लिहायलाच हवं असं नाही. ती घरातली गोष्ट आहे."

"तुझ्या मादामना विचारते."

मादाम राधियांनी ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "लल्ला, लेख तुमचा आहे. गाळलंत तर कुणी तुम्हाला दोष देणार नाही. पण व्हिनेगर इथलं असल्याचा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा मन्नानाच आहे. आणि हे उघडं असेल, एवढं लक्षात असू द्या. सगळे वाचतील. हाज्ज तिजानीसुद्धा."

लल्ला बय्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. मुखपृष्ठावर होते तेच हात, पण पळीशिवाय फार लहान दिसत होते.

"मुलींना मी आयुष्यभर सांगत आले," त्या म्हणाल्या, "वाक्य पूर्ण करा. अर्धं वाक्य म्हणजे चूक." त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, "माझी पणजी महदियाची होती."

लेख पुढच्या वर्षीच्या रमजानच्या शेवटी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी माझ्या तळटीपेखाली, तारीख घालून, माझ्या सहीनं दुरुस्ती लागली. माझी जुनी चूक तिच्या शेजारी तशीच उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आश्चर्य म्हणजे मला तिची लाज वाटली नाही. लल्ला बय्यांचा लेख माझ्या पुस्तकापेक्षा जास्त वाचला गेला. हाज्ज तिजानी फाटकाशी येऊन म्हणाले, "बाई लिहिते छान. तू तिच्याकडे शिकवणी का लावत नाहीस?" मी म्हटलं, "लावलीय."

ईदेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंकडे जेवत होतो. दारात एक जुनी गाडी थांबली. त्यातून एकामागून एक माणसं उतरत राहिली. बायका, पुरुष, कडेवरची पोरं. सगळ्यांच्या हनुवट्या सारख्या. पुढच्या बाईच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं.

"महदियाहून आलोय," ती जरा घाबरतच म्हणाली. "फोनवर तुमचा लेख वाचला. मन्नाना आमच्या पणजोबांची बहीण. आमच्याकडचं ईदेचं कालवण आणलंय, तिच्या माहेरचं."

जिन्यातले शेजारी दारं उघडून उभे होते. फातेननं माझा हात धरला. लल्ला बय्यांनी तिथेच उंबऱ्यावर पातेल्याचं झाकण काढलं, चमचा मागवला, एक घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. सगळी गाडी श्वास रोखून उभी.

डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"यात व्हिनेगर नाही," त्या म्हणाल्या. "बिचारी मन्नाना. आत या सगळे, बाहेर का उभे आहात? आणि लमजद, तुझं ताट उचल. पाहुण्यांना जागा कर."